हरलेल्याची बाजू

आमच्या साडूभाऊंनी आयुष्यात एकही गोष्ट उगाच केलेली नाही, आणि जी केली ती का केली हे लिहून ठेवल्याशिवाय त्यांना घास गोड लागलेला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. यवतमाळला, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, आम्ही दोघांनी मिळून बरीच वर्षं सॉफ्टवेअरचं ऑफिस चालवलं. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कापसाची गाडी आली की काट्यावर वजन व्हायचं, नोंद पडायची, पावती निघायची, ते सगळं आमच्या प्रोग्राममधून. गिऱ्हाईकं मी सांभाळायचो. प्रोग्रामची रचना कशी असावी हे साडूभाऊ ठरवायचे आणि ठरलं की कॉम्प्युटरवर लिहायला बसायचे. प्रश्न काय होता, वाटा कोणत्या होत्या, कोणती धरली, बाकीच्या का सोडल्या आणि आता यातून बरं-वाईट काय निघेल, हे सगळं शुद्ध मराठीत. आम्ही त्या लिखाणाला बखर म्हणायचो. त्यांना ते नाव पसंत नव्हतं, कारण बखरीत फुगवून लिहितात असं त्यांचं मत होतं.

एकदा लिहिलेलं पुसायचं नाही हा त्यांचा नियम. निर्णय फिरला तर जुना तसाच ठेवून खाली 'याच्या जागी आता अमुक' एवढंच टाकायचं. मी एकदा म्हटलं, चुकलेले निर्णय कशाला जपायचे, कोणी पाहिलं तर अब्रू जाईल. तर म्हणाले, "भाऊ, काहून केलं हे लिहून नाही ठेवलं तं पुढचा माणूस एक तं भिऊन हात लावत नाही, नाही तं जोशात उपटून फेकते. दोन्हीकून नुकसानच." मी चहा मागवला.

ही खोड ऑफिसला कुलूप लावलं तरी सुटायची नाही. घरात कूलर कोणत्या खिडकीत बसवायचा यावर एकदा वाद झाला. मेहुणीबाई म्हणत होत्या पश्चिमेच्या, हे म्हणत होते पूर्वेच्या. कूलर पूर्वेला बसला आणि त्याची रीतसर नोंद होऊन कागद फाइलला लागला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात, यवतमाळचं ऊन डोक्यावर आलं की, मेहुणीबाई पाहुण्यांसमोर तो कागद काढून मोठ्यानं वाचायच्या. "पश्चिमेची खिडकी नाकारली, कारण तिकडून पाणी भरणे गैरसोयीचे. आता पाणी कोण भरते, ते विचारा यांले." साडूभाऊ घाम पुसत ऐकायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे तिचं. म्हणूनच तं लिहून ठेवतो." कूलर मात्र पूर्वेलाच राहिला.

त्यांना कोणी खोटं पाडलं की त्यांचा चेहरा खुलतो, हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे पुसदची एक हुशार मुलगी नव्यानं कामाला लागली होती. वजन आधी काट्याजवळच्या कॉम्प्युटरमध्ये साठवायचं आणि मागून नेटवरून मुख्य कॉम्प्युटरला पाठवायचं, ही आमची जुनी पद्धत पाहून ती म्हणाली, "काका, एवढा घोळ कायले ठेवला? सरळ पाठवून देऊ ना." साडूभाऊंनी वाद न घालता तिच्यासमोर त्या निर्णयाचं पान उघडलं. ऐन हंगामात ढाणकी गावच्या जिनिंगमध्ये नेट गेलं होतं, काटा अडला होता आणि कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत खोळंबल्या होत्या, ते सगळं त्यात होतं. मुलीनं ते पान शेवटपर्यंत वाचलं. पण काही महिन्यांनी तीच येऊन म्हणाली, "काका, तुम्ही लिहिलेलं कारणच आता राह्यलं नाही. तिथं आता दोन कंपन्यांचं नेट आहे, एक गेलं तं दुसरं चालते. मी सोता पाहून आली." मला वाटलं, आता बिनसणार. साडूभाऊ उठून बाहेर गेले ते गरम जिलबी घेऊन आले. आपलं लिहिलेलं कोणी इतकं मन लावून वाचलं, याचाच त्यांना आनंद झाला होता.

सगळ्यांत जाचक रिवाज वेगळाच होता. वादात जो जिंकेल त्यानं हरलेल्याची बाजू लिहायची, आणि हरलेला 'हो, हेच म्हणत होतो' म्हणेपर्यंत लिहीत राहायची. हा रिवाज माझ्यावर शेकला तो पुण्याच्या एका कंपनीनं आमचा प्रोग्राम विकत मागितला तेव्हा. विकायचा म्हणजे ऑफिस बंद. मला विकावंसं वाटत होतं. जिनिंगवाल्यांना सगळं मोबाइलवर हवं होतं आणि ते आमच्या मूठभर माणसांच्या आवाक्यातलं नव्हतं. पुसदची मुलगी बंगळूरला गेली होती, आणि ऑफिसचा जिना आम्हा दोघांनाही जड जात होता. साडूभाऊंचा विरोध होता. पण ऑफिस माझ्या नावावर, म्हणून ते म्हणाले, "शेवटचा शब्द तुमचा. माही बाजू लिहा."

मी लिहिलं, साडूभाऊंना जुन्याचा मोह सुटत नाही. त्यांनी मान हलवली. "हे मी नाही म्हटलं. हे तुमच्या सोयीचं आहे." मी पुन्हा लिहिलं, जरा भावनेला हात घालून. "यात मी बिचारा दिसून राह्यलो," म्हणाले. शेवटी मी दोन दिवस त्यांच्यासारखा विचार करत हिंडलो आणि लिहिलं, 'काटा अडला की ज्याला फोन जातो तो माणूस तासाभरात तिथे उभा राहणारा असावा. पुण्याहून प्रोग्राम चालेल, पण गाडीवर ताटकळलेला माणूस तिथून दिसणार नाही.' त्यांनी चष्मा काढला. "हो. हेच म्हणत होतो मी." मग हळूच विचारलं, "आता काय वाटते?"

"विकू नये असं वाटते."

"मंग?"

"तरी विकावं लागंल."

"ते मलेही समजते," ते म्हणाले, आणि कीबोर्ड पुढे ओढून बरे-वाईट परिणाम त्यांनी स्वतः लिहिले. बऱ्या परिणामांचं अर्धं पान भरलं. वाईट परिणामांत एकच ओळ होती. 'दोघे साडू रोज भेटणार नाहीत.' मी खिडकीशी जाऊन उगाच रस्ता पाहत उभा राहिलो.

ऑफिस गेलं. प्रोग्रामबरोबर बखरही पुण्याला गेली. तिथे ती कोणी वाचतं की नाही, कोण जाणे. आता मी रविवारी त्यांच्याकडे जातो. तब्येतीची आणि मुलांची चौकशी लवकर संपते, कारण आमचा सगळा स्नेह मुळात काहीतरी ठरवण्यावर उभा होता आणि आता ठरवायचं काही उरलेलं नाही. मग मीच काहीतरी उकरून काढतो. परवा म्हटलं, तुमच्या दारातला कडुलिंब छाटायला पाहिजे. खरं तर त्या झाडाशी माझं काही वैर नाही. पण साडूभाऊ खुर्ची पुढे ओढतात, "काहून छाटायचा, सांगा," म्हणतात, आणि दिवेलागण होईपर्यंत आम्ही दोघं काहीच ठरू देत नाही.