शुक्रवारची उपासना

आखातातल्या त्या शहरात रविवारी काम असतं, म्हणून मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना शुक्रवारी भरते. कंपनीच्या कामासाठी गेले होते, तेव्हा मीही जाऊन बसले.

वेदीपाशी सॅमसनकाका डोळे मिटून उभे होते. ते मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे कारभारी, आणि मजुरांच्या कॅम्पचे मॅनेजर. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. मजुरांचे पासपोर्ट त्यांच्याच कपाटात असतात, हे शेजारी बसलेल्या योनाने सांगितलं. हा जालन्याचा वेल्डर. तिकडे त्याची आई अखेरच्या घटका मोजत होती.

"पासपोर्ट मागितलास का?" मी कुजबुजले.

"चारदा, ताई. म्हणतात, योना, आपण प्रार्थना करू."

आणि काकांनी खरंच केली. "प्रभू, योनाच्या आईला स्पर्श कर." सगळे आमेन म्हणाले. मला म्हणवेना.

काय मागतो आपण देवाकडे! कपाट आपलं, कुलूप आपलं आणि चमत्कार तेवढा त्याने करायचा. परक्या मुलुखात आपली गीतं ऐकून मघाशी मला भरून आलं होतं. आता त्याचीच लाज वाटली. ज्या हातांनी माणूस अडकवून ठेवायचा, तेच हात वर करून स्तुती करायची, ही कसली श्रद्धा?

काका प्रभुभोजनाचं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून खायच्या भाकरीचं ताट घेऊन आमच्यापुढे आले. मी भाकर उचलली नाही.

"काका, आधी योनाचा पासपोर्ट द्या."

"बाई, ही उपासना आहे."

"म्हणूनच इथे मागतेय."

योनाने पुढे केलेला हात मागे घेतला. मग त्याच्या पलीकडच्याने. मग सगळ्या बाकाने.