भट्टीला पडलेलं भोक

"पहिले भोक बुजवा. म्हातारी कुठं पळून चालली?"

ठेकेदार असं म्हणाला. म्हातारी म्हणजे माझी सासू. ती मातीत पडून होती. कमरेपर्यंत भाजलेली.

एकाहत्तर-बहात्तर साल असेल. जरीपटक्याच्या वस्तीपुढे माळावर कोळशाच्या भट्ट्या होत्या. बाभळीची लाकडं रचायची, वरून पालापाचोळा, त्यावर ओली माती, आणि आत विस्तव. लाकूड नुसतं धुमसलं पाहिजे. भेग पडली की हवा शिरते, कोळशाची राख होते. म्हणून कुणीतरी वर चढून भेगा लिंपायच्या. सासू अंगानं हलकी. तीच चढायची.

त्या दिवशी तिच्या पायाखालची माती खचली. मी आणि माझ्या नवऱ्यानं तिला ओढून काढलं. लुगडं कातडीला चिकटलं होतं. ती ओरडली नाही. "पाणी दे वं," एवढंच म्हणत राहिली.

भोकातून जाळ निघाला. तो पाहून ठेकेदार जीप दामटत आला. मी त्याच्या पाया पडले. "मालक, हिले दवाखान्यात न्या."

"जीपमधी? तुमच्यासारख्यायले बसवलं तं माह्या घरचे बसतीन का तिच्यात?"

नवऱ्यानं मान खाली घातली आणि चिखलाचं घमेलं उचललं. भोक बुजवायला. सासू त्याच्याकडे बघत होती. आपल्या पोराकडे. ते डोळे मला अजून दिसतात.

मी फावडं घेतलं. भट्टीच्या कुशीत घातलं. मातीचा थर कोसळला, आग भसकन बाहेर आली.

"काहून वं, पागल झाली का? माल जाते!"

"जाऊ द्या. जीप काढा. नाही तं सारी भट्टी फोडीन."

नवऱ्यानं घमेलं टाकलं. माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

जीप निघाली. सीटवर बारदाना अंथरून. सासू दवाखान्यात पोचली, वाचली नाही. आम्हाला कामावरून हाकललं.

आजही शेजारी सिगडी पेटली की घास तोंडात फिरतो. तोच जळलेल्या कातडीचा वास येतो. कधी भर दुपारी मागून कुणी पाणी मागतं. वळून पाहते. कुणी नसतं.

पुढे दुसऱ्या ठेकेदाराकडे लागलो. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, "चढ वर."

मी विचारलं, "मी आत पडली तं कोणाच्या गाडीत नेता?"

तो हसला.

"हसू नका. सांगा."

माझ्या मागं कामावरच्या सगळ्या बाया उभ्या होत्या. त्यानं उत्तर देईपर्यंत कुणी कामाला हात लावला नाही.

तेव्हापासून प्रत्येक भट्टीवर मी हेच विचारते. उत्तर मिळाल्याशिवाय आत विस्तव पडू देत नाही.