खांद्यावर पळी

दिघाशीच्या कमळाबाईला तुम्ही "कशा आहात" असं विचारा, ती उलट "जेवलात का" असंच विचारणार. खोटं बोललात तर तोंड बघून ओळखणार. सत्तरी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, पण शंभर माणसांची डाळ अजून नुसत्या अंदाजानं टाकते.

लग्न करून आली तेव्हा बाईला धड भातसुद्धा येत नव्हता, बरं का. आताचा तोरा सगळा सासऱ्याच्या शिकवणीचा. वाल्मीकमामंजी पलटणीत लांगरी होते, म्हणजे जवानांचे स्वयंपाकी. बर्फात डाळ कशी शिजता शिजत नाही, वरच्या चौकीवरची पोरं कशी वाट बघतात, हे ते सांगायचे आणि नवी सून ऐकत कांदे चिरायची. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी दर सव्वीस जानेवारीला दारात पातेलं चढवायला सुरुवात केली. झेंडावंदन झालं की येईल तो जेवणार, नाईट शिफ्ट संपवून येणारे यंत्रमागावरचे कामगारसुद्धा. मामंजी गेले, पातेलं कमळाबाईनं चालू ठेवलं.

यंदा गावातल्या पोरांनी ठरवलं, गावच्या सगळ्या फौजींचे फोटो एका बोर्डावर लावायचे. नातू सुगत दापोड्याच्या गोडाऊनला सुपरवायझर, त्याला कुठं दम निघतोय? पेटीतल्या जुन्या फोटोवरचा चेहरा घेऊन स्टुडिओतून पणजोबांचा नवा फोटोच बनवून आणला. कडक वर्दी, छातीवर पदकं, खांद्यावर तारे, हातात बंदूक.

कमळाबाईनं चष्मा लावला. "ह्यो कोन?"

"पणजोबा गं, आजी."

"त्यांच्या खांद्यावर तारे कदी उगवले? ज्या साहेबांना वाढलं, त्यांचीच वर्दी घातलीस व्हय रे त्यांना?"

"बाकीच्यांच्या हातात बंदुका हायत. आपलेच तेवढे स्वयंपाकी. लोक हसतील."

"हसू दे. जेवताना कोन हसलं न्हाय."

बोलली तर खरी, पण ते 'स्वयंपाकी' तिला लागलं. तिनं पेटीतून म्हाताऱ्याचा तो एकुलता एक खरा फोटो काढला. कुणाच्या तरी लग्नातला. खाकी हाफपँट, बनियन, शेजारी पातेलं, आणि मोठी पळी बंदुकीसारखी खांद्यावर.

"ह्यो लाव. न्हायतर नावपन नको. भलत्याच मानसाला हार घालायला मी येनार न्हाय."

सुगत दोन दिवस गाल फुगवून फिरला, पण फोटो तोच दिला.

सव्वीस तारखेला बोर्डावरचा पडदा सरला आणि मागची पोरं फिसकन हसलीच. एरवी गावाची टिंगल करणारी कमळाबाई, पदराचं टोक मुठीत आवळून उभी.

पडदा सारायचा मान पंढरीचा. तोही जुना फौजी, एका पायानं लंगडतो. एकेका फोटोला सलाम ठोकत तो पळीवाल्यापाशी आला आणि थांबला. पंढरीनं लंगडा पाय ओढून टाचा जुळवल्या. बाकीच्यांना ठोकला तसाच कडक सलाम ठोकला. मग दोन्ही हातांची ओंजळ करून फोटोपुढं धरली, ताट धरावं तशी.

हसणारी पोरं सरळ उभी राहिली.

पंढरी मागं वळला. "वहिनी, पातेलं चढलंय का? चौकीवरनं भुकेला मानूस आलाय."

कमळाबाईनं पदरानं डोळे पुसले, पण तोंड काही सुधारलं नाही. "चढलंय. आदी हात धुवा, भावजी. मामंजी बिनधुतल्या हाताला वाढत नव्हते."

दारात पंगत बसली. सुगतनं मोठी पळी उचलली, पणजोबांसारखी खांद्यावर घेतली आणि सेल्फीसाठी मोबाईल काढला.

"आदी वाढ," आजी म्हणाली, "मग काय ती फौजगिरी कर."