शेषराव सरांचं 'पुरे'

चांदूर बाजारच्या शाळेत शेषराव सर प्रार्थनेनंतर रोज आयुष्याचा एक धडा देत. गणित राहिलं तर राहो, हा धडा चुकायचा नाही. शनिवारी त्यांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं, "पंगतीत कोणाले आग्रह करू नका. माणूस पुरे म्हणाला का पुरे!"

रविवारी सातवीतल्या खुशीच्या मळ्यात रोडग्यांचं जेवण होतं. सर सकाळपासून पोट रिकामं ठेवूनच आले होते. गोवऱ्यांवर भाजलेला पहिला रोडगा वांग्याच्या भाजीसोबत बघता बघता संपला. खुशी टोपलं घेऊन आली. आता चारदा आग्रह होणारच, म्हणून सरांनी रीतीप्रमाणे पानावर हात आडवा धरला, "पुरे, पुरे!"

खुशी पुढे सरकली.

"अवं पोरी, सरायले वाढ ना!" आजी ओरडली.

"नाई आजी, सरायनंच शिकवलं हाय."

सगळी पंगत कौतुकाने सरांकडे पाहू लागली. सरांनी हसून मान डोलावली आणि बोटं चाटली.

सोमवारी धडा होता, "माणसाच्या शब्दावर जाऊ नका, त्याचं मन ओळखा." टेबलावर मूठ या वेळी दोनदा आपटली.