मृणालची गाडी सकाळी सुरू व्हायची

मृणाल गेली, तरी तिची गाडी रोज सकाळी सुरू व्हायची.

त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये फक्त दोन ड्राइव्हवे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहाचं आधण ठेवत असायची, बाहेर अजून काळोख, आणि एकदम त्या गाडीचे दिवे लागायचे. इंजिन खोकल्यासारखं करून घरघरायला लागायचं. आत कुणी नाही. मागून धूर यायचा. एडमंटनच्या थंडीत सगळ्याच गाड्यांमागे वाफ दिसते, पण वाफ पांढरी असते आणि विरून जाते. हा धूर निळसर होता, बर्फालगत रेंगाळणारा. माझा चहा गाळून होईपर्यंत गाडी तशीच धूर सोडत उभी राहायची आणि मग आपोआप बंद पडायची.

भुताटकी त्यात काही नव्हती. मृणाल इथल्या शाळेत लहान मुलांच्या वर्गावर मदतनीस होती. गाडी तापायला वेळ लागतो म्हणून तिनं रिमोट स्टार्टर बसवून घेतला होता आणि सकाळची वेळ त्यात लावून ठेवली होती. नोव्हेंबरात तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. ती वेळ मात्र लावलेलीच राहिली. तिच्या नवऱ्यानं, कपिलभाऊंनी, ती काढली नाही. ते स्वतः ट्रेननं ऑफिसला जात, गाडी आठवड्याकाठी ग्रोसरीपुरती हलायची. पण रोज सकाळी ती तयार होऊन मृणालची वाट बघायची.

कपिलभाऊ मूळचे नागपूरचे, मेकॅनिकल इंजिनिअर. बरीच वर्षं ते उत्तरेकडच्या कॅम्पवर प्लांटच्या देखभालीचं काम करायचे. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. ते तिकडे असताना मृणाल गेली. त्यानंतर त्यांनी कॅम्प सोडला आणि शहरात टेबलावरचं काम घेतलं. बोलायला मिस्कील माणूस. आमच्याकडच्या गणपतीला मोदक खायला हक्कानं यायचे आणि जाताना म्हणायचे, "वहिनी, देव तुमचा, मोदक आमचा." त्यांच्या बैठकीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, रविवारी हॉलवर वंदना. नवस, तोडगे, अंगात येणं यांच्यावर त्यांचा असा काही हल्ला चालायचा की माझे यजमान जयदीप मुद्दाम खोडी काढून त्यांना पेटवून द्यायचे.

म्हणून जानेवारीतल्या त्या दुपारी ते मागच्या दारानं आले आणि दबकत बोलायला लागले, तेव्हा मला नवल वाटलं. ते म्हणाले, गाडी तेल पिऊन राहिली हे मृणाल असल्यापासूनचं आहे. ती दर रविवारी इंजिनातली मापाची पट्टी काढून तेल बघायची आणि कमी दिसलं की भरायची. ती गेल्यापासून त्यांनी थेंबभरही घातलेलं नाही. धूर तर येतोच आहे, म्हणजे तेल जळतंच आहे. आणि तरी पट्टीवर तेल पूर्ण. पूर्ण काय, खुणेच्या वरच.

मग थोडं थांबून म्हणाले, "तुमच्याकडे मानतात न हे, म्हणून तुम्हाला विचारून राहिलो. आमच्याकडे श्राद्ध नाही, पिंड नाही, मागे राहणारा आत्माच नाही. हॉलवर कोणाला सांगू?"

मी बी.एस्सी. आहे हे त्यांना माहीत होतं. पण चेहरा बघून मी तो मुद्दा काढला नाही. शाल गुंडाळून बाहेर गेले. त्यांनी बॉनेट उघडून ती लांब पट्टी ओढून काढली. सोबत मृणालच्या जुन्या कॉटनच्या ओढणीचा तुकडा होता, तिनंच फाडून त्या कामाला ठेवलेला. तेल खरंच खुणेच्या वर होतं. पण माझं नाक स्वयंपाकघरात तयार झालेलं. मी पट्टी जवळ घेतली आणि म्हटलं, "याला पेट्रोलसारखा वास येतोय."

त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली, पुसली, परत खाली सारली. "थंडीत सगळ्यालाच येतो," म्हणाले आणि बॉनेट लावून टाकलं.

एप्रिलमध्ये कॅलगरीला जयंतीचा मोठा कार्यक्रम होता. माझी चुलतबहीण तिथंच राहते, तेव्हा मीही त्यांच्या गाडीनं निघाले. हायवेच्या दोन्ही बाजूंना अर्धवट वितळलेला बर्फ, काळी शेतं आणि सरळ रस्ता. रेड डिअर जवळ आलं तेव्हा डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला आणि बॉनेटखालून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, पट्टी काढली. टोकाला तेलाचा ओला डाग, बाकी पट्टी कोरडी.

शेजारून मोठाले ट्रक जात होते, त्यांच्या वाऱ्यानं आमची गाडी हलत होती. ते पट्टी हातात घेऊन रस्त्याच्या मागच्या बाजूला बघत राहिले. मग म्हणाले, "इथं उतरली ती, वहिनी."

मीही मागे वळून बघितलं. हे मी जयदीपला सांगितलेलं नाही.

गाडी टो होऊन घरी आली. व्हँकुव्हरला शिकणारी त्यांची लेक ईशिता फोनवर म्हणाली, "बाबा, जस्ट सेल इट." जयदीपचंही तेच मत होतं, इतक्या जुन्या गाडीचं इंजिन कुणी उघडत नाही. कपिलभाऊंनी कुणाशी वाद घातला नाही. गॅरेजमध्ये मृणालचे कपडे, पुस्तकं, शाळेतल्या मुलांनी केलेली कागदी फुलपाखरं असे खोके रचलेले होते. इंजिन उघडायला जागा हवी म्हणून ते त्यांनी एकेक करून बेसमेंटमध्ये नेले. तिच्या वस्तूंना त्यांनी हात लावलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

आधी त्यांनी प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजला. दाब पडलेला होता. मग माझ्याकडे येऊन फोडणीची पळी मागितली. "परत नाही मिळणार," म्हणाले. मी जुनी होती ती दिली. एकेका सिलिंडरमध्ये पळीभर तेल घालून पुन्हा मोजलं, तर दाब चढला. म्हणजे झडपा बऱ्या आहेत, झीज पिस्टनच्या रिंगांची आहे; वरून घातलेल्या तेलानं ती फट तेवढ्यापुरती बुजली. हे ते मला एखाद्या डॉक्टरनं रिपोर्ट वाचून दाखवावा तसं सांगत होते.

भाड्यानं आणलेल्या साखळीच्या यंत्रानं त्यांनी इंजिन उचलून काढलं. मी अधूनमधून पोहे नाहीतर ताक घेऊन जायची आणि पालथ्या बादलीवर बसून बघायची. एक दिवस ते पिस्टन हातात घेऊन बसले होते. तेल निपटून परत खाली सोडणारी जी रिंग असते, ती काजळीनं बुजून गेली होती, गाळणीत चहाचा चोथा अडकून बसावा तशी. तेल वर राहून जळत होतं, त्याचाच तो निळा धूर. मी विचारलं, मग पट्टीवर पूर्ण कसं दिसायचं?

ते पिस्टनकडेच बघत म्हणाले की गार इंजिन रोज उभ्या उभ्या चालवलं की न जळलेलं पेट्रोल झिरपून तेलात उतरतं. जितकं तेल जळायचं, त्याहून जास्त पेट्रोल आत यायचं. हायवेवर इंजिन नीट तापलं आणि ते सगळं पेट्रोल उडून गेलं.

"मला माहीत होतं, वहिनी. तुमच्या आधी मला वास आला होता. पहिल्याच रविवारी."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर ती गेली असती न."

मी ताकाचा पेला त्यांच्या जवळ सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. "मी कॅम्पवर असताना फोनवरही ती तशीच बोलायची. तेल पाहिलं, पूर्ण आहे. डोकेदुखी कशी आहे, तर ठीक आहे. आवाजात कळायचं मला ठीक नाही म्हणून. मी म्हणायचो, आल्यावर पाहू."

उन्हाळाभर काम चाललं. सिलिंडरच्या आतल्या भिंती घासून घासून आरशासारख्या झाल्या होत्या. मला वाटलं, चांगलंच आहे. ते म्हणाले, नाही, गुळगुळीत भिंतीवर तेल ठरत नाही. मग त्यांनी दगड लावलेलं एक अवजार फिरवून मुद्दाम आडवेतिडवे ओरखडे पाडले, अगदी बारीक. नव्या रिंगा, नवे बेअरिंग, प्रत्येक नट मापानं आवळलेला. शेवटी इंजिन परत जागेवर बसलं. पानं पडायला लागली तेव्हा जयदीपनं आणि त्यांनी ढकलत गाडी ड्राइव्हवेवर आणली.

आणि तिथं ती नुसतीच उभी राहिली. बॅटरी जोडायची तेवढी बाकी होती. ते रोज येता-जाता गाडीभोवती फेरी मारायचे आणि घरात जायचे.

शेवटी मीच विचारलं. तेव्हा कळलं की नव्या रिंगांना पहिल्यापासून ओढ द्यावी लागते, इंजिन सुरू झालं की लगेच रस्त्यावर काढायचं. उभ्या गाडीत नुसतं घरघरत ठेवलं तर रिंगा बसायच्या नाहीत आणि सगळं काम मातीत जाईल. म्हणजे मृणालनं लावलेली सकाळची वेळ आता काढावी लागणार. बॅटरी सोडवली तेव्हाच ती पुसली गेली असेल कदाचित. नसेलही.

"एवढंच काढून टाका ना मग," मी म्हटलं.

"एकदा पाहू द्या. अजून आहे का ती."

त्यांचं ठरलेलं होतं. तेल आधीच इंजिनभर फिरवून घेतलं, संध्याकाळी बॅटरी जोडली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते गाडीत जाऊन बसले. मी थर्मासमध्ये चहा घेऊन शेजारी बसले. मृणालच्या सीटवर ते, त्यांच्या जागेवर मी. काचेवर दहिवर धरलं होतं. ते हात मांडीवर ठेवून समोर बघत होते, आणि नेहमीची वेळ टळून गेली असं मला वाटायला लागलं.

तेवढ्यात दिवे लागले. कुणी हात लावला नव्हता. इंजिन सुरू झालं, न खोकता, एकसंध आवाजात.

कपिलभाऊंच्या तोंडून "आली" एवढंच निघालं. क्षणभर मला वाटलं, आता हे असेच बसून राहणार. पण त्यांनी किल्ली फिरवली, ब्रेक दाबला, गिअर टाकला. मी मागच्या काचेतून बघितलं, थोडा धूर आला आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत थांबला.

आम्ही रेड डिअरपर्यंत गेलो. मागच्या वेळी थांबलो होतो तिथेच त्यांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन जरा निवू दिलं. ओढणीच्या तुकड्यानं पट्टी पुसली, खाली सारली, पुन्हा काढली. तेल बरोब्बर खुणेवर. त्यांनी ती नाकाशी नेली, बराच वेळ धरली, मग माझ्यापुढे केली.

"वास घ्या."

"तेलाचा येतोय."

"फक्त तेलाचा?"

"फक्त तेलाचा."

त्यांनी मान हलवली. खिशातून रिमोट काढला आणि त्यावरची बटणं अंगठ्यानं दाबली. गाडीचे दिवे एकदा लुकलुकले आणि विझले. ट्रक जात होते. ते ओढणीच्या तुकड्याची घडी घालत उभे राहिले, चौकोनी, इस्त्रीच्या कपड्यासारखी.

दुसऱ्या दिवशी मी चहाचं आधण ठेवलं आणि सवयीनं बाहेर बघितलं. रात्री पहिला बर्फ पडून गेला होता. गाडीवर त्याचा पातळ थर तसाच होता, कुठेही न वितळलेला. पलीकडच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता आणि कपिलभाऊ खिडकीशी उभे होते. त्यांनी मला बघितलं की नाही, माहीत नाही. आम्ही दोघंही त्या गाडीकडे बघत होतो. माझा चहा उतू गेला, तरी ती सुरू झाली नाही.