परत आलेला नारळ

नारळी पौर्णिमेच्या संध्याकाळी मी किनाऱ्यावर नुसता उभा होतो, हात न जोडता. बायको आजारी होती तेव्हा गावातल्या एकूण एक देवाला मी नारळ बोललो होतो. ती गेली आणि माझं देवांशी बोलणंच खुंटलं.

आमच्या दारी मासळी घेऊन येणाऱ्या पार्वतीबाईंनी शेजारीच समुद्राला नारळ सोडला. याच समुद्रानं त्यांचा थोरला मुलगा नेलाय. लाटेनं नारळ फिरवला आणि थेट माझ्या पायाशी आणून टाकला. मी तो उचलला आणि जरा कडवटपणेच म्हणालो, "बघा, नको म्हणतोय."

"नको कशाला म्हणेल? भरती आहे, भाऊ. आला तर परत द्यायचा."

"तुम्हाला याचा राग नाही येत?"

"येतो तर! मागच्या वर्षी शिव्या देतच सोडला. पण धाकट्याची होडी याच्याच अंगावर जाते ना."

मी नारळ पुढे केला. त्यांनी घेतला नाही. "तुमच्याकडे आलाय, तुम्हीच सोडा."

मन निवळल्याशिवाय देवापुढे उभं राहू नये, असं मी आजवर समजत होतो. ही बाई तर भांडण अर्ध्यावर ठेवून आली होती.

मी गुडघाभर पाण्यात शिरलो आणि होता नव्हता तेवढा राग एकवटून नारळ भिरकावला. तो परत आला. पुन्हा भिरकावला, पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला मी तो हलकेच पाण्यावर ठेवला, हात जोडले, आणि तो कुठे जातो ते पाहायला थांबलो नाही.