ताई 'ऑसम' म्हणाल्या, म्हणजे काहीतरी बिनसलं

चष्म्यांच्या दुकानामागच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात बसून भिंगकाका काचा घासत. त्यांचं खरं नाव दुकानात कुणी घेत नसे. हाताने अत्यंत स्थिर आणि मनाने अत्यंत शंकेखोर असा हा माणूस. दूधवाल्याने माप जरा जास्त घातलं, तर 'आज एवढा उदार कसा?' म्हणून दुधाचा वास घेऊन पाहणारा.

थोरले मालक होते तोवर या शंकेला कामावर फारसं खाद्य मिळालं नाही. थोरल्यांची रीत सरळ होती. काच उजेडात धरायची, कलती करून बघायची आणि चांगली असली तर न बोलता पुढे ठेवायची. तोंड उघडलं की समजावं, खोट निघाली. भिंगकाकांना त्या मुकेपणाइतकी मोठी शाबासकी दुसरी ठाऊक नव्हती.

पुढे थोरले गुडघ्यांपायी घरी बसले आणि परदेशात काही वर्षं नोकरी करून आलेली त्यांची मुलगी दुकान पाहू लागली. रिकाम्या फ्रेमा नाकावर चढवून ती लहानपणी याच खोलीत नाचायची. आता भिंगकाका तिला ताई म्हणत आणि अहोजाहो करत. ताईंना मराठी उत्तम येई, पण कामाचं बोलणं इंग्रजीतूनच निघे.

"ऑसम, काका!" पहिलीच काच पाहून त्या म्हणाल्या. दुसरीला म्हणाल्या, "परफेक्ट!" आणि तिसरीला, "यू आर अ स्टार!"

भिंगकाकांच्या मनात पाल चुकचुकली. तीन काचा आणि तिन्हींवर बोलणं! ताईंची पाठ वळताच त्यांनी तिन्ही काचा पुन्हा तपासल्या आणि घासायच्या चाकावर धरल्या. खोट सापडली नाही, तेव्हा तर ते अधिकच घाबरले.

परदेशात वाढणाऱ्या नातीशी बोलता यावं म्हणून ते मोठ्या माणसांच्या इंग्रजी वर्गाला जात. तिथे त्यांनी विचारलं, "बाई, ऑसम म्हणजे काय हो?"

"शब्दकोशात पाहाल तर, छाती दडपावी असं भव्य," बाई म्हणाल्या. "पण हल्ली चहा बरा झाला तरी म्हणतात."

"म्हणजे खोटंच म्हणतात."

"खोटं नव्हे हो. सैल बोलणं आहे ते. घरातल्या कपड्यांसारखं."

"घरातले कपडे घालून कुणी दुकानात बसतं का?"

सगळा वर्ग हसला. भिंगकाका हसले नाहीत. त्याच आठवड्यात दुकानात एक भलंमोठं खोकं आलं होतं. आत काचा घासायचं यंत्र होतं आणि ते नेमकं त्यांच्या बाकाला टेकवून ठेवलं होतं.

"गोड बोलून गळा कापणार आहेत," ते घरी बायकोला म्हणाले. "माझी जागा जाणार बघ."

"तुम्हाला रागावलं तरी पंचाईत, कौतुक केलं तरी पंचाईत," बायको म्हणाली. "सरळ विचारा की ताईंना."

सरळ विचारतील तर ते भिंगकाका कसले! कौतुक झालेली प्रत्येक काच ते गुपचूप पुन्हा घासत राहिले. कामं तुंबली. गिऱ्हाइकं पुढच्या खोलीत कुरकुरू लागली. आणि व्हायचं तेच झालं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची जाड काच इतकी घासली गेली की काचेची गोलाई बिघडली. चष्म्यावाचून त्या बाईंना सुईत दोरा ओवता येत नव्हता.

भिंगकाका मान खाली घालून उभे राहिले. ताईंनी काच पाहिली, कपाळाला आठी पडली, पण म्हणाल्या एवढंच, "नो वरीज, काका. इट हॅपन्स."

काच फुकट गेली आणि काळजी नको? थोरल्यांनी खोली डोक्यावर घेतली असती. ज्याला ठेवायचंच नाही, त्याला रागवायचं कशाला, असं भिंगकाकांच्या मनाने घेतलं.

त्या संध्याकाळी त्यांनी वर्गातल्या बाईंकडून एक घरंदाज इंग्रजी वाक्य घेतलं आणि वाटभर घोकलं. सकाळी ताईंच्या टेबलापुढे हात बांधून त्यांनी ते एका दमात म्हटलं, "मॅडम, काइंडली इन्फॉर्म मी इफ माय सर्व्हिसेस आर नो लाँगर रिक्वायर्ड."

ताईंचा चेहरा उतरला. इंग्रजी कुठल्या कुठे पळालं.

"समोरच्या दुकानाने बोलावलं ना तुम्हाला? मला वाटतच होतं! काम रखडतंय, काचा बिघडतायत, आणि आता ही वकिली भाषा. तुम्ही चाललात, काका."

"मी कुठं चाललो? तुम्हीच घालवताय ना मला?"

"मी? रोज तुमचं इतकं कौतुक करते!"

"तेच म्हणतोय मी!"

मग भिंगकाकांनी थोरल्यांची रीत सांगितली. ताई खुर्चीत मागे टेकल्या. "मी होते तिथे साहेब दिवसभर गप्प राहिला तर माणसं दुसरी नोकरी शोधायची," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेलात तर दुकान बसेल, या भीतीने मी बोलत होते."

"आणि ते यंत्र?"

"प्लॅस्टिकच्या साध्या काचांसाठी आहे. जाड काच त्याला झेपत नाही. ती तुमच्याच हातची. तुमची जागा कुठेही जात नाही, काका. हे मराठीत सांगतेय, म्हणजे आता तरी विश्वास ठेवा."

"बघू," भिंगकाका म्हणाले. स्वभावाला औषध नसतं.

त्यांनी शिवणवाल्या बाईंची काच नव्याने घासायला घेतली. दुपारी ताई बाकापाशी आल्या. काय बोलावं की बोलूच नये, हे न कळून त्यांनी काच नुसतीच उजेडात धरली. बराच वेळ धरली. भिंगकाका हात पुसत होते, पुसून झालेले हात पुन्हा पुसत होते.

शेवटी राहवेना. आजवर कुणाला न विचारलेलं त्यांनी विचारलं, "कशी झालीय?"

"बरी झालीय," ताई जपून म्हणाल्या.

"नुसती बरी?"